घरातली बंदूक
(मंडळाच्या मार्गशीर्षातील सभेत केलेले भाषण)



आजवर या ठिकाणी बालसंगोपनावर, बचतीवर, पापड-कुरडयांच्या उद्योगावर पुष्कळ चांगली भाषणे झाली. या खेपेस तुम्ही बोला असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी म्हटले, सातवी शिकलेली बाई मी, मला काय बोलता येणार? त्यावर अध्यक्षाताई म्हणाल्या, "तुमच्या बंदुकीचेच सांगा. गावात त्याची कुजबुज चाललीच आहे, ती तुमच्या तोंडून तरी ऐकू." म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

दुसरेही एक कारण आहे. 2018 साली परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हा याच मंडळाने मला शाल-नारळ दिला होता. कोणीतरी मला रणरागिणीही म्हटले होते. ती शाल अजून पेटीत आहे. ज्या बायांनी बंदुकीबद्दल मान दिला, त्यांना ती मी परत का केली हे सांगणे माझ्याकडे लागते.

माझे सासर आटगाव आणि खर्डीच्या मधल्या पट्ट्यात, माहेर मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला. दोन्हीकडे भातशेती आणि दोन्हीकडे रान. आमच्याकडे तानसा अभयारण्याचे रान, माहेरी भीमाशंकरच्या डोंगराचे. भात पोटरीत आले की रानडुकरे उतरतात, ती कापणी होईपर्यंत पाठ सोडीत नाहीत. डुक्कर खाते थोडे आणि लोळून, तुडवून नासते फार, हे तुम्हांला मी काय सांगावे?

मामंजींनी 1968 साली शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक घेतली. आपल्याकडचा हत्यारांचा कायदा 1959 चा, तो 1962 च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्या कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे ही गरीब शेतकऱ्याची बंदूक, सरकारने जाणून दिलेली. मामंजींचा हात चांगला होता. पन्नास वर्षे त्यांनी ती सांभाळली. दसऱ्याला नांगर, कोयता, विळा यांच्या शेजारी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिले जाई.

मामंजींची सत्तरी उलटली, दृष्टी मंदावली. परवानाधारकाचे वय सत्तर झाले की तो हयात असतानाच परवाना घरातल्या वारसाकडे द्यावा अशी सोय नियमांत आहे. आमचे हे भिवंडीकडे गोदामात नोकरीला, पहाटेच्या गाडीने जातात ते रात्री परततात. दीर कल्याणला राहतात. रात्री शेतावर राखणीला कोण, तर मी आणि मामंजी. तेव्हा मामंजीच म्हणाले, "राखण सूनबाई करते, तर हत्यारही तिच्या नावावर असू द्या." दिरांनी आणि नणंदेने नाहरकत लिहून दिली. पोलिसांची चौकशी झाली, ठाण्याला कलेक्टर कचेरीत खेपा झाल्या, आणि परवाना मिळाला. खरे सांगते, त्या दिवशी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले होते.

आता माझ्या नेमाचे सांगते. नव्या नियमाप्रमाणे, म्हणजे 2016 च्या, बंदूक हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. त्या शिक्षणात मला वीस पावलांवरच्या कागदावर पाच बार काढावयास सांगितले. कागदाला लागला एक, तोही कोपऱ्याला. शिकवणारे गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही चाप दाबण्यापूर्वी डोळे मिटता." मी म्हटले, नाही हो. त्यांनी मला न सांगता बंदूक रिकामी ठेवून चाप दाबावयास लावला. बार नाही, आवाज नाही, तरी माझे डोळे गच्च मिटलेले आणि नळी हातभर खाली! सगळे हसले, मीही हसले. फोडणीत मोहरी तडतडली की आपण जसे तोंड मागे घेतो, तसेच ते. दस्ता खांद्याला लागणार हे अंगाला ठाऊक असते, म्हणून अंग आधीच दचकते.

यावर उपाय सराव, असे ते म्हणाले. आपली तांदळाची भाकरी काय पहिल्या दिवशी गोल झाली होती? रोज दोन वेळा थापली तेव्हा हात बसला. पण बंदुकीचा सराव असा घरी होत नाही. दारू किती बाळगावी, केपा किती घ्याव्या हे परवान्यावर लिहिलेले असते, आणि त्याला पैसा लागतो. वर्षाकाठी दोन-तीन बार काढणाऱ्या बाईचा हात कसा बसावा? मी मात्र मनाची समजूत घातली, की डुक्कर थोडेच मारावयाचे आहे, नुसते घालवावयाचे तर आहे. त्याला नेम कशाला?

ज्या बायांनी ही बंदूक हाताळली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू घालावयाची, त्यावर बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासावयाचे. मग मागे केप बसवावयाची. घोडा मागे ओढून चाप दाबला की केप फुटते आणि बार उडतो. एक बार झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. मामंजी एका मिनिटात भरीत. मला उजेडात तीन मिनिटे आणि अंधारात देव जाणे. आश्विनातल्या सरींनी दारू दमट होते. मग चाप दाबावा तर नुसते फुस्स! फुसका बार हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, त्याचा अर्थ मला माचावर बसून कळला. आणि फुसका गेला म्हणून लगेच नळीत डोकावू नये बरे का. कधी कधी दारू आत धुमसत असते आणि बार क्षणभर उशिरा उडतो. तोंड समोर धरून बराच वेळ थांबावे लागते. काम झाले की नळी कढत पाण्याने धुवून, पुसून, तेलाचा बोळा फिरवावा, नाहीतर दारूच्या काजळीने ती आतून गंजते. एवढे एक काम मात्र मला मामंजींपेक्षा चांगले जमे.

मी हिशेबाच्या वहीत दुधाच्या शेजारीच बारांची नोंद ठेवीत असे. 2018 पासून 2023 च्या कार्तिकापर्यंत चौदा बार. त्यांतले तीन फुसके. चार वेळा असे झाले की आवाजाने कळप पळाला आणि पहाटेपूर्वी पुन्हा त्याच खाचरात उतरला.

आता 2023 च्या कार्तिकातली रात्र सांगते. आपल्यापैकी काहींना ती ठाऊक आहे, पण अर्धीच.

चांदणे होते. नाल्याच्या अंगाने डुकरीण आणि पाचसहा पिले आली. बांधावरच्या जांभळीच्या शेंड्याकडे नळी धरून आवाज करावा, छर्रे वर आभाळात जातील, असा माझा विचार. चाप दाबला. डोळे मिटले असणार, कारण बाराचा उजेड मला आठवतच नाही. नळी खाली आली. डुकरे पळाली ती पळालीच, पण जांभळीपलीकडे शेजारच्यांचे पारडू बांधलेले होते, ते ओरडले. त्याच्या मागच्या पायांत आणि मांडीत सात छर्रे गेले.

पारडू वाचले. गुरांच्या डॉक्टरांनी छर्रे काढले, औषधपाण्याचा खर्च आम्ही दिला, पोलीसपाटलांसमक्ष बसून शेजाऱ्यांची माफी मागितली. ते अजून एका पायाने लंगडते. हे तुम्हांला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असे, की त्या पारडापासून दहा हातांवर माझ्या शेजारणीचा धाकटा मुलगा खाटेवर गोधडी घेऊन निजलेला होता. तोही राखणीलाच आलेला. त्याची आई आज येथे बसलेली आहे. तिने मला शब्दाने कधी बोलून दाखवले नाही. पण कितीतरी दिवस ती आमच्या अंगणातून पाण्याला जात नव्हती, लांबच्या वाटेने जाई. त्या वाटेचा अर्थ मला समजत होता.

त्या रात्रीनंतर मी बंदुकीला हात लावला नाही. पण परत करावी असेही मनाने घेतले नाही. कुलपात राहू द्यावी, काय खाते पिते आहे? आणि येथेच माझ्या मनाचा खरा घोळ सुरू झाला.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. मामंजी म्हणत, "एकदा गेली तर परत नाही यायची." हे अक्षरशः खरे आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या माणसाला नवा परवाना द्यावयाचा तर वन्यजीव खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याची आधी संमती लागते. आमचे गाव त्या दहा किलोमीटरांत येते. जुना परवाना आहे म्हणून आहे, मोडला तर माझ्या मुलालाही पुन्हा मिळणे कठीण. म्हणजे मी एकटीच्या हाताने तीन पिढ्यांचे काम करणार होते.

दिरांचे म्हणणे निराळे. "वहिनी, तुम्ही रात्रीच्या एकट्या असता. चोर आला, बिबट्या आला, तर?" यावर मी पुष्कळ विचार केला. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, दारू आणि केपा वेगळ्या ठेवाव्या असे शिकवतात, आणि घरात पोरे असताना ते बरोबरच आहे. मग चोर आला तर मी त्याला काय सांगू, बाबा रे, जरा थांब, किल्ली सासूबाईंच्या कनवटीला आहे, ती घेते, मग दारू मोजते? आणि भरलेली टांगून ठेवली तर चोरापेक्षा नातवंडांचे भय मोठे. बिबट्याचे म्हणाल, तर त्याला मारणे गुन्हा आहे. जीव वाचवताना नाइलाजाने मेला तर कायदा क्षमा करतो, पण ज्या बाईला वीस पावलांवर कागद सापडत नाही तिला अंधारात धावता बिबट्या सापडेल काय? रानडुकराचेही तेच. वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून त्याला मारता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी अर्धवट लागलेले डुक्कर बिनलागलेल्यापेक्षा भयंकर असते. ते जखमी होऊन झुडपात बसते आणि सकाळी गवताला येणाऱ्या बाईवर चालून जाते. चांगल्या नेमाच्या माणसाच्या हातात ही बंदूक राखण करील. माझ्या हातात ती नुसता आवाज करते, आणि आवाजाबरोबर छर्रेही उधळते.

सासूबाईंनी मात्र एकच वाक्य म्हटले. "आपल्या घरी बंदूक आहे म्हणून लोक आपल्याला मानतात." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मलाही तो मान आवडत होता. नाही कशाला म्हणू?

मग 2024 साल आले. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करावयास सांगतात. आपल्याकडे विधानसभेची निवडणूक नेमकी भातकापणीच्या दिवसांत येते, ही एक गंमतच आहे. 2019 ला तसेच झाले, त्या वर्षी दसऱ्याला पाटावर बंदूक नव्हतीच. 2024 ला दसरा 12 ऑक्टोबरला होता. आम्ही तिची पूजा केली आणि तीन दिवसांनी आचारसंहिता लागली. ठाण्यात जमा करून आले. मतदान 20 नोव्हेंबरला झाले. ती घरी आली तेव्हा भात खळ्यावर पडलेले होते.

म्हणजे ऐन राखणीचा हंगाम बंदुकीशिवाय गेला. त्या वर्षी आम्ही सहा घरांनी पाळ्या लावल्या. दोघी-दोघी बाया, बरोबर एक गडी. बांधाच्या कडेने जुन्या साड्या ताणून बांधल्या. वाऱ्याने त्या फडफडतात, माणसाचा वास येतो, डुक्कर बिचकते. (माझी लग्नातली जांभळी साडी त्यात गेली, त्याबद्दल आमचे हे अजून बोलतात.) पत्र्याचे डबे, आगट्या, बॅटऱ्या होत्याच. एका मुलाने मोबाइलवर कुत्र्यांचे भुंकणे भरून भोंग्यावर लावले. आठ दिवस डुकरे घाबरली, नवव्या दिवशी भोंग्याजवळच चरून गेली! 2023 ला आम्हांला एकोणीस पोती भात झाले होते, 2024 ला बावीस झाले. त्यात पावसाचाही हात असेल, सगळे श्रेय मी साड्यांना देत नाही. पण बंदूक नव्हती म्हणून एक पोतेही कमी झाले नाही, एवढे वहीत स्पष्ट दिसत होते.

आणि एक झाले. पहिल्या पाळीला माझ्याबरोबर कोण आले, तर माझी शेजारीण. आम्ही रात्रभर आगटीपाशी बसलो. पहाटे ती म्हणाली, "बंदूक नाही तर बरे वाटते, बाई. पोराला मोकळेपणी झोपू देता येते." एवढेच. पण मी ते घरी घेऊन आले.

2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरकडे, बोरशेतीच्या रानात, डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली, तो मेला. ती बातमी मी मामंजींना वाचून दाखवली. एरवी बातमी ऐकून ते काहीतरी बोलतात. त्या दिवशी बोलले नाहीत. संध्याकाळी मला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, तुझ्या त्या रात्री पोर किती लांब होता?" मी दहा हात म्हटले. आजवर त्यांनाही मी पारडाचेच सांगितले होते.

मग ते पुष्कळ वेळ बोलले. तरुणपणी, 1972 चा कायदा होण्यापूर्वी, त्यांनी डुकरे मारली होती. पण त्यासाठी ते आधी दिवसाउजेडी सबंध शेत फिरत, कोणाचे गुरू कोठे बांधले आहे, कोण कोठे निजणार आहे, ते विचारून येत. "मी बंदूक दिली, पण हे द्यायचे राहिले," असे म्हणाले. मी म्हटले, मामंजी, ते दिले असते तरी डोळे मिटले असते. तेव्हा त्यांना हसू आले.

परवान्याची मुदत 2026 मध्ये संपणार होती. 2019 च्या दुरुस्तीपासून ती तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची झाली आहे. म्हणजे पुन्हा सही केली तर आणखी पाच वर्षांची जोखीम माझ्या नावावर. यांना विचारले, तर म्हणाले, "नाव तुझे आहे, हात तुझा आहे, तूच ठरव." मुलाला द्यावी तर तो पुण्याला शिकतो, त्याला राखण ठाऊक नाही. घरात नेमाचा माणूस उरला नाही, ही खरी गोष्ट. ती कबूल करावयास मला दोन वर्षे लागली.

सरत्या कार्तिकात, कापणी झाल्यावर, परवाना सोडण्याचा अर्ज केला आणि बंदूक शहापूरला पोलीस ठाण्यात जमा केली. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी लक्षात ठेवावे, की बंदूक कोणा पाहुण्याला देऊन टाकू नये, विहिरीत टाकू नये, माळ्यावर दडवू नये. घरचा परवानाधारक वारला तर ती विनापरवाना ठेवणे गुन्हा होतो, ताबडतोब ठाण्यात किंवा परवान्याच्या दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसाने ठरवावे. आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हते म्हणून सांगते.

पिकाचे नुकसान झाले तर वनखाते भरपाई देते, पण तीन दिवसांच्या आत कळवावे लागते. माझ्या टोकावड्याच्या भावाचा एकदा चौथा दिवस उजाडला आणि रक्कम बुडाली, पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला आणि पैसे हातात पडले. त्याने आता सौरकुंपण केले आहे. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. मात्र घरच्या विजेची तार बांधावर सोडण्याचे जे काही ठिकाणी चालते, ते बंदुकीपेक्षाही वाईट. त्याला तर डोळे नसतातच.

ठाण्यात मामंजी माझ्याबरोबर आले होते. त्र्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत. निघण्यापूर्वी त्यांनी मला नळी धुवावयास लावली, म्हणाले, परत करावयाची तर स्वच्छ करून. मी कढत पाणी केले, तेलाचा बोळा फिरवला. पावती त्यांनी स्वतः घडी करून खिशात ठेवली, ती आता 1968 च्या परवान्याबरोबर त्यांच्या ट्रंकेत आहे. भिंतीवरच्या खुंट्या तशाच आहेत. सासूबाईंनी एकीला सूप अडकवले आहे. त्या अजून माझ्याशी थोड्या रुसलेल्या आहेत.

शाल मी परत आणलेली नाही. मंडळाने मागितली तर देईन.